विलायती स्पोर्ट्‌स मोटार, कोकणचा पाऊस आणि पत्र्याची कमाई

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे महाराष्ट्रात कशासाठी ओळखली जातात हे सांगण्याची गरज नाही. गणेशमूर्तींचे कारखाने येथे घराघरांतून आहेत आणि हंगामात मुंबई, पुणे, नाशिककडे जाणाऱ्या टेम्पोंची रांग लागते. आमचे जोहे येथे वर्ष-सव्वा वर्ष जाणे-येणे झाले ते मात्र एका जुन्या विलायती मोटारीपायी. व्यापार-उद्योगाच्या पानावर मोटारीच्या शौकाची हकीकत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण या शौकात आम्हांस एक धंदा दिसला. आपल्या मुलांच्या हातात तो आधीच अर्धा आहे, उरलेला अर्धा शिकण्यासारखा आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम मोटारीविषयी. आमची गाडी १९६७ची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ही गाडी आठवत असेल. परमिट-परवान्याच्या त्या काळात रस्त्यावर मुख्यतः तीनच देशी मोटारी दिसत. अॅम्बॅसडर, फियाट आणि ही हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने ती १९६१पासून बनवली. १९६८मध्ये तिला चार दारे आली, आणि पुढे तिच्याच अंगाची गॅझेल १९७७पर्यंत निघत राहिली. मूळ गाडी मात्र इंग्लंडची, ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ची. तिचा आकार जिओव्हानी मिकेलोट्टी या इटालियन कारागिराने काढला होता.

हेराल्ड ही घरगुती गाडी, तिला स्पोर्ट्‌स कार म्हणणे धाडसाचे होईल. पण १९६२मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर ही उघड्या टपाची, दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार बाजारात आणली, तेव्हा तिच्यासाठी चासी घेतली ती हेराल्डची, लांबीला कापून. पुढचे सस्पेन्शन तेच, स्टिअरिंग तेच, मागच्या चाकांवर आडवी टाकलेली एकच कमान तीच, इंजिनाचे घराणेही तेच. स्पिटफायर १९८०पर्यंत बनली आणि जगभर तिचे शौकीन आहेत. त्यामुळे ज्याने हेराल्ड उघडून पुन्हा जोडली, त्याने स्पिटफायर अर्धी शिकून घेतली असे समजावे.

एमजी मोटारींचेही तसेच आहे. १९५५ साली आलेल्या एमजीए या सुंदर गाडीत प्रथम १४८९ सीसीचे जे बी-सिरीज इंजिन होते, त्याच जातीचे इंजिन आपल्या अॅम्बॅसडरने १९५९पासून वर्षानुवर्षे वागवले. भायखळ्याच्या किंवा कुर्ल्याच्या ज्या मिस्त्रीने अॅम्बॅसडरची शेकडो इंजिने उतरवली, त्याला एमजीएचे बॉनेट उघडून दाखवा. तो पाच मिनिटांत हसू लागेल. एसयूचा कार्ब्युरेटर त्याच्या ओळखीचा, डिस्ट्रिब्युटर ओळखीचा, व्हॉल्व्हचा टकटकाटसुद्धा ओळखीचा.

सांगण्याचा मुद्दा असा की या गाड्यांचे इंजिन हे काही मोठे संकट नव्हे. पिस्टन, बेअरिंगे, गॅस्केटे मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत शोधणाऱ्याला आजही बरेच सापडते, आणि जे सापडत नाही ते इंग्लंडातून मागवता येते, कारण तेथे या मोटारींचे सुटे भाग बनवणे हाच एक स्वतंत्र उद्योग झाला आहे. एमजीबीची तर अख्खी नवी बॉडी १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवर दाबून देते. (विलायतेत किंवा आखातात असलेले आपले नातेवाईक येताना बॅगेत असे भाग घेऊन येतात. आणावेत, पण जकात लागत असेल तर भरावी. सरकारचा पैसा बुडवून गाडी चमकवण्यात बरकत नाही.)

खरे संकट पत्र्याचे असते, आणि हे आम्ही पदरचे पैसे घालवून शिकलो.

गाडी आम्ही मुंबईत एका विक्रेत्याकडून घेतली. फिकट निळा रंग आरशासारखा चमकत होता. आत नवी गादी, खाली काळा डांबरी रंग. इंजिन पहिल्या फेऱ्याला सुरू झाले आणि आम्ही बयाणा देऊन मोकळे झालो. तो फेब्रुवारी महिना होता. जून-जुलैचा पाऊस गाडीने एका उघड्या पडवीत काढला. ऑगस्टमध्ये दाराखालच्या पट्टीवर, ज्याला सिल म्हणतात, रंगाला फोड आले. आम्ही नखाने एक फोड खरवडला. नख आत गेले. मग बोट गेले. रंगाखाली पत्रा नव्हता, अर्धा इंच जाडीची लांबी होती, आणि लांबीच्या मागे जाळीसारखा कुजलेला गंज. पुढच्या चाकामागे तर वर्तमानपत्राचा गोळा कोंबून त्यावर लांबी ओढलेली निघाली. कागदावर तारीख शाबूत होती. आमच्या खरेदीच्या चार महिने आधीची.

आम्ही विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याने, साहेब, जुनी गाडी आहे, जशी आहे तशी विकली, असे सांगितले. जशी आहे तशी तर त्याने दाखवलीच नव्हती, हेच आमचे दुखणे. मालातला ऐब माहीत असताना तो गिऱ्हाइकापासून लपवणे आपल्या शरीअतमध्ये जायज नाही, हे दुकानदारी करणाऱ्या प्रत्येक मुसलमानाला ठाऊक असते. धान्याच्या ढिगात ओला दाणा खाली आणि कोरडा वर ठेवणे जसे, तसेच हे. पण मोटारीच्या धंद्यात ही गोष्ट इतकी रुळली आहे की तिला कोणी ऐब समजतच नाही, त्याला ‘फिनिशिंग’ म्हणतात.

खरेदी करणाऱ्या वाचकांसाठी येथेच एक सोपी परीक्षा सांगून ठेवतो. खिशात एक लहानसा लोहचुंबक ठेवावा, पातळ फडक्यात गुंडाळून. सिल, दाराचा तळ, चाकावरच्या कमानी, डिकीची जमीन येथे तो फिरवावा. पत्रा असेल तर चिकटेल, लांबी असेल तर गळून पडेल. मग चटई उचलून पाय ठेवायची जागा पाहावी, आणि गाडीखाली झोपून चासीच्या दोन्ही बाजूंना निघालेले आडवे हात बोथट पेचकसाने ठोकून पाहावेत. टणटण आवाज आला तर ठीक. धप्प आवाज आला तर पाकीट खिशातच राहू द्यावे. कपडे मळतील, पण आमचे जे गेले त्यापुढे धुलाईचा खर्च काहीच नाही.

आता जोहे कसे आले ते सांगतो. मुंबईत अशी गाडी सहा-आठ महिने उघडून ठेवायला जागा कोण देणार? गॅरेजवाल्याला रोज दहा गाड्या आत-बाहेर करायच्या असतात. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग डेंटर आहेत (नाव छापू नका ही त्यांची अट आहे, म्हणून येथे त्यांना मिस्त्री एवढेच म्हणतो), कुर्ल्याच्या गॅरेजांत चाळीस वर्षे काढून ते आता पेणकडे आपल्या मुलीजवळ राहतात. त्यांची जोह्यातल्या एका मूर्तिकाराशी जुनी दोस्ती. गणपती गेले की दिवाळी होईपर्यंत त्यांची मागची शेड मोकळी असते, तेथे गाडी ठेवा, भाडे नंतर पाहू, असे ठरले. ते नंतरचे भाडे पुढे नियमाने ठरवून दिले, ही गोष्ट वेगळी. गाडी ट्रकवर घालून आणली आणि शेडमध्ये उतरवली. भिंतीला न विकलेल्या दोन-तीन मूर्ती प्लॅस्टिक पांघरून उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी आमची हेराल्ड.

हेराल्डची एक खुबी आहे. त्या काळी मोटारी एकसंध बॉडीच्या होऊ लागल्या होत्या, पण ट्रायम्फवाल्यांना बॉडी दाबून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला. म्हणून त्यांनी वेगळी चासी करून त्यावर बॉडीचे तुकडे बोल्टने जोडायची जुनीच रीत ठेवली. इंग्रजांची ती अडचण आज मिस्त्रीला वरदान आहे. पुढचे अख्खे बॉनेट पंखांसह पुढच्या बाजूला उलथते, सिल बोल्टने सुटतात, आणि सगळे बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. (सुटतात म्हणजे सुटायला हवेत. आमचे निम्मे बोल्ट छिन्नीने तोडावे लागले. तेल पाजून तीन दिवस वाट पाहा, घाई केली की पत्रा फाटतो, हा मिस्त्रींचा धडा.)

बॉडी उचलण्याआधी मिस्त्रींनी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल टाचून घेतले. हे अनेक जण करत नाहीत. कुजलेल्या सिलची बॉडी उचलली की ती मधोमध वाकते, आणि मग नवीन पत्रा कितीही सुंदर घाला, दार बसत नाही. मग कारखान्यातली सहा मुले आली, बांबू घातले आणि एका दमात बॉडी उचलून खाली विटांवर ठेवली. मोठ्या मूर्ती उचलण्याची सवय असलेले हात ते. कोठे पकडायचे, कोण आधी वाकणार, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

चासीवरून सुतळी तिरपी ताणून दोन्ही कर्ण मोजले. फरक पाव इंचाच्या आत होता, म्हणजे गाडीला मोठा अपघात नव्हता. बाजूचे चार आडवे हात मात्र गेलेले. येथे मिस्त्रींनी पुढचे दोन हात इंग्लंडातून मागवायला सांगितले आणि मागचे दोन जाड पत्र्यातून स्वतः वाकवून केले. मागवलेला भाग आणि हाताने केलेला भाग शेजारी ठेवून आम्ही पाहिले. हाताने केलेल्याची कड किंचित गोल होती, इतकेच. खर्च मात्र निम्म्याहून कमी.

कोकणात पत्र्याचे काम करणाऱ्याची शर्यत हवेशी असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जवळच खाडी, खारी ओल. पंजाब-राजस्थानात घासून उघडा केलेला पत्रा आठवडाभर तसाच ठेवला तरी चालत असेल. जोह्यात संध्याकाळी घासलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. म्हणून मिस्त्रींचा नियम होता, जेवढे आज घासशील तेवढेच आज रंगवशील. गंज तारेच्या ब्रशने काढायचा, उरलेल्यावर फॉस्फरिक आम्लाचे पाणी लावायचे, पुसून, वाळवून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. आपल्याकडे सर्रास रेड ऑक्साइड मारतात. लाल रंग पाहून माणूस निर्धास्त होतो, पण साधा रेड ऑक्साइड ओल शोषतो. गाडीला रेड ऑक्साइड मारून पावसाळाभर तशीच ठेवणे म्हणजे ओली चादर पांघरून झोपणे होय.

वेल्डिंगविषयी थोडे. जुने डेंटर गॅसवर जोडतात आणि त्यांचा हात पाहण्यासारखा असतो, पण पातळ पत्रा गॅसच्या आचेने लाटा घेतो. हल्ली सीओटू वेल्डिंगचे लहान मशीन मिळते, त्याने थेंब थेंब टाके घालत गेले की पत्रा सपाट राहतो. मिस्त्री वयाच्या साठीनंतर हे मशीन शिकले. आणि जोडकाम पुरे झाल्यावर सिलच्या पोकळीत, चासीच्या नळीत, जेथे ब्रश जात नाही तेथे मेण मिसळलेले तेल फवारायचे, खालची पाणी निघायची भोके बुजवायची नाहीत. आमच्या गाडीची सर्व भोके आधीच्या कोणीतरी डांबराने लिंपून टाकली होती. पाणी आत जाऊ नये म्हणून! पाणी कोकणात आत जाणारच. ते बाहेर निघेल याची सोय करायची असते.

बॉडी बाजूला असताना एका गोष्टीने आमचा जीव दचकला. पुढच्या चाकाचा उभा लोखंडी खुंट खाली एका पितळी तुकड्यात आट्यांवर बसतो, त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवले की खुंट त्या आट्यांत फिरतो. हेराल्ड, स्पिटफायर दोन्हींत हीच रचना. कंपनीचे म्हणणे होते की यात गिअरबॉक्सचे घट्ट तेल भरावे. आपल्याकडे पेट्रोल पंपावर, सर्व्हिस स्टेशनवर निपल दिसला की ग्रीस मारतात. ग्रीस घट्ट होऊन वरच बसते, तळच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, तेथे पाणी जाते, खुंट गंजतो आणि एक दिवस वळणावर मोडतो. चाक आडवे होऊन गाडी नाकावर बसते. आमचा डावा खुंट काढला तर आट्यांच्या तळाशी गंजाने कोरलेली खाच होती. मिस्त्रींनी तो उचलून आमच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘भाई, घरच्यांना बसवून अलिबागला जाऊन आलात ना यातून?’’ आम्ही गेलो होतो, दोनदा. दोन्ही खुंट आणि ट्रनियन नवे घातले. आता दर सहा महिन्यांनी, आणि पावसाळा संपला की एकदा वेगळे, तेल भरतो. वाचकांपैकी कोणाकडे अशी गाडी असेल तर हा अंक खाली ठेवून आधी एवढे पाहून यावे.

इंजिनाचे काम आठ दिवसांत आटोपले. त्यात लक्षात ठेवण्याजोगे एकच. या ट्रायम्फ इंजिनात क्रँकला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या दोन अर्ध्या चकत्या असतात, त्या झिजून खाली तेलात पडल्या की पूर्ण ब्लॉक निकामी होतो. कोणाला तरी क्लच दाबायला सांगून आपण पुढची पुली पाहावी. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली तर इंजिन तेथेच थांबवावे. इंधनाची गोष्ट नवी आहे. फेब्रुवारी २०००पासून देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले, तेव्हा जुन्या हेडमध्ये कठीण पोलादाच्या व्हॉल्व्ह सीट बसवणे इष्ट. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते. ते जुने रबर फुगवते, पाणी ओढून घेते. पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात आणि टाकी अर्धी भरून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवू नये. ब्रेकचे तेलही हवेतली ओल पिते. पुस्तकात दोन वर्षांनी बदला असे असेल तर कोकणात दरवर्षी बदलावे.

रंगकामाची वेळ आली तेव्हा दिवाळी होऊन हवा कोरडी झाली होती. मूर्तीचे कामही सुरू होत होते, पण अजून गर्दी नव्हती. कारखान्यातला एक तरुण, वय बावीस-तेवीस, मूर्तीच्या अंगाला स्प्रेने रंग मारण्यात पटाईत. तो मिस्त्रींना चाचा म्हणे. सावली कोठे धरायची, मनगट किती वेगाने फिरवायचे, थर जाड होऊन ओघळ कसा टाळायचा, हे त्याच्या हातात मुरलेले होते. पॉलिश पेपरने घासण्यातही त्याला आम्ही कोणी हात धरू शकलो नाही. फरक एवढाच होता की मूर्तीचा रंग वेगळा, गन लहान, आणि मोटारीवर सलग पाच-पाच फूट सरळ पट्टा एका हातात ओढावा लागतो. मिस्त्रींनी त्याला जुन्या बॉनेटच्या टाकाऊ पत्र्यावर तीन दिवस नुसते प्रायमर मारायला लावले. चौथ्या दिवशी दारे मारू दिली.

एक गोष्ट आम्ही हट्टाने केली. तो मुलगा तोंडाला रुमाल बांधून रंग मारायला उभा राहिला. मोटारीचा हल्लीचा टू-के रंग, ज्यात हार्डनर मिसळतात, त्याची वाफ फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकते. रुमाल तर सोडाच, साधा मास्कही तेथे पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो मिळेपर्यंत काम सहा दिवस थांबले. मिस्त्री कुरकुरले, आम्ही कसे आयुष्यभर मारले, म्हणून. पण बोलताना खोकले, आणि स्वतःच गप्प झाले.

याच सुमारास तेथे दुसरी गाडी आली आणि ती आली तशी गेली, ते सांगितले पाहिजे. जुन्या टी घराण्याची एक एमजी, मागे चाक टांगलेली. या गाडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, विलायतेत अॅश नावाच्या झाडाचा. मालकाला महिनाभरात घरच्या लग्नाच्या वरातीसाठी ती चकाचक हवी होती. मिस्त्रींनी दाराचा खांब हाताने दाबला, आतून भुसा गळाला. वाळवी. लाकूड बदलावे लागेल, सागाचे करू, होड्या बांधणारा सुतार आहे ओळखीचा, चार-पाच महिने लागतील, असे ते म्हणाले. मालक म्हणाले, वरून फायबर आणि लांबी मारा, वरातीपुरती उभी राहिली तरी बस्स, आणि देऊ केलेली रक्कम आमच्या संपूर्ण पत्राकामाच्या मजुरीच्या जवळपास होती, तीही रोख. मिस्त्री त्या दिवसांत मुलीच्या घराच्या छपरासाठी पैसे जमवत होते, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांनी नाही म्हटले. दार लागणार नाही, नवरा-नवरी रस्त्यावर पडतील, माझ्या हातून ते नको, एवढेच. मालक रागाने गाडी घेऊन गेले. त्या पावसाळ्यात छपरावर प्लॅस्टिकच होते.

आता हिशेब, कारण हे पान हिशेबाचे आहे. रकमा छापण्यात अर्थ नाही, त्या सहा महिन्यांत बदलतात. खर्चाची वाटणी मात्र सांगतो. आमच्या वहीप्रमाणे दुरुस्तीच्या रुपयातले आठ आणे पत्रा आणि वेल्डिंगला गेले, तीन आणे रंगाला, दोन आणे इंजिन व गिअरला, दीड आणा ब्रेक आणि चाकांना, एक आणा गादीकामाला, अर्धा आणा वायरिंगला. म्हणजे रुपयातले अकरा आणे कातडीचे. आणि त्या अकरा आण्यांतही माल थोडा, मजुरीच जास्त. पत्रा काही महाग नाही. ज्या पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा एवढा मोठा कारखाना आहे तेथे पत्र्याची वाण कोणाला? महाग आहे तो हात, आणि तो मिळत नाही. आज नव्या गाडीचे फेंडर चेपले तर गॅरेजवाला ते काढून नवीन लावतो. ठोकून सरळ करणारे डेंटर म्हातारे झाले आणि त्यांच्या मुलांनी हे काम उचलले नाही.

जुन्या गाड्यांचे मालक मात्र कमी झालेले नाहीत. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लबचे मेळावे भरतात, पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात हौशी लोक आहेत, आणि ते कामासाठी वर्ष-वर्ष नंबर लावून बसतात. म्हणून आमचे म्हणणे असे की पेण, रोहा, नागोठणे, महाडकडची आपली जी मुले दहावीनंतर आखाताच्या व्हिसाची वाट पाहत बसतात, त्यांतील दोन-चारांनी तरी इकडे पाहावे. आयटीआयमध्ये वेल्डर आणि शीट मेटल वर्कर हे एकेका वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. त्यांनी पाया होतो, कारागीर होत नाही. त्यापुढे एखाद्या बुजुर्ग उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षे काढावी लागतील, आणि उस्ताद आहेत तोवरच. भांडवलासाठी व्याजाच्या कर्जाकडे धावण्याचे कारण नाही. सीओटू मशीन, कॉम्प्रेसर, दोन गन, ग्राइंडर, हातोडे-ठोकळे एवढ्यावर काम सुरू होते. दोघे-तिघे नफ्या-तोट्याच्या भागीदारीत उतरले, किंवा गावच्या जमातीने कर्ज-ए-हसना दिले, तर भागते. मूर्तिकारांची मुलेही यात भागीदार होऊ शकतात. पीओपीच्या मूर्तींचा प्रश्न २०२०च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांपासून न्यायालयापर्यंत गाजतो आहे आणि त्यांच्या घरांतही दुसऱ्या हुन्नरीचा विचार चालू आहे.

धंदा करणाऱ्याने एक शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवावी, ती आम्ही मिस्त्रींकडे पाहिली. गाडी उघडल्यावर गंजाचे फोटो काढायचे, तुकडा कापला की जुना तुकडा फेकायचा नाही, मालकाला दाखवायचा. झाकण्याआधी पुन्हा फोटो. ती चित्रे गाडीबरोबर राहतात आणि उद्या गाडी विकली तर घेणाऱ्यालाही दिसतात. आमच्या गाडीचे असे दोनशेवर फोटो आहेत. त्यात डिकीच्या कोपऱ्यातला तो तुकडाही आहे जो बदलायला हवा होता, पण पैसे संपल्यामुळे आम्ही नुसता ठिगळ लावून सोडला. विकायला निघालो तर तो फोटो पहिला दाखवावा लागेल.

कागदपत्रांविषयी पत्रे येतात म्हणून थोडक्यात. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीची विंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीची ५,००० रुपये अशी ठरवली गेली. नोंद दहा वर्षे चालते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. ज्याला बाजारहाट करायचा आहे त्याने साधी नोंदणीच नूतनीकरण करून चालू ठेवलेली बरी. आम्ही तेच केले.

गाडी आता मुंबईत आहे, पडवीत नाही, बंद जागेत. पावसाळा संपल्यावर आम्ही सिलचे बोल्ट सोडून आत पाहिले. उजवीकडे सर्व कोरडे होते. डावीकडे, पुढच्या चाकामागे, जेथे तो वर्तमानपत्राचा गोळा निघाला होता तेथेच, जुन्या रुपयाएवढा तांबडा डाग दिसला. मिस्त्रींना फोन केला. त्यांनी विचारले, पाणी निघायचे भोक उघडे आहे का पाहा. पाहिले, तर मातीने बुजलेले. तार घालून मोकळे केले. येत्या रविवारी ते येणार आहेत, येताना त्या मुलालाही घेऊन येतो म्हणाले.